प्रकल्प नोंदी: ठिबक नियंत्रकाचा आरटीसी ड्रायव्हर आणि मर्यादेबाहेरची वेळ

५ एप्रिल २०२५

चोपडा आणि शिरपूर तालुक्यांतल्या केळीबागांत बसवलेल्या ठिबक नियंत्रकांच्या आरटीसीचा, म्हणजे लाइट नसतानाही तारीख-वेळ चालवणाऱ्या घड्याळ-चिपचा, हा ड्रायव्हर. बोर्ड ३२ बिट एआरएम, लिनक्स कर्नल ४.९, घड्याळाची चिप पीसीएफ८५६३, आय२सी या दोन तारांच्या बसवर पत्ता हेक्स ५१. या चिपमध्ये बॅटरीवर जाण्याची आतली सोय नसते, म्हणून बाहेर बीएटी५४सी हा दुहेरी शॉटकी डायोड लावलेला आहे: एका पायावर ३.३ व्होल्ट, दुसऱ्यावर सीआर२०३२ सेल.

तक्रार अशी की लाइट बराच वेळ जाऊन परत आली की काही पेट्या वेळापत्रक भलत्याच वेळी चालवतात. शेतीपंपाची थ्री-फेज पाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. पाळी तारखेवर ठरते, त्यामुळे तारीख चुकली की पाळीही चुकते. मग पंप चालू आणि सगळे व्हॉल्व्ह बंद अशी गत होते. लाइनीत दाब चढतो आणि पीव्हीसीचा सांधा सुटतो. खताची टाकी जोडलेली असेल तर विद्राव्य खत नको त्या भागात जाते. घड्याळ पाच मिनिटे पुढेमागे झाले तर केळीला काही फरक पडत नाही. इथली चूक वर्षांची आहे.

बोर्डासोबत आलेला ड्रायव्हर वाचून काढला. संशयाच्या जागा तीन. लिहिताना तो वर्षाला १०० ने भागून बाकी चिपमध्ये टाकतो, म्हणजे २१२५ आणि २०२५ यांत त्याला फरक नाही. वाचताना ७० पेक्षा लहान वर्षाला २००० मिळवतो, बाकीच्यांना १९००. आणि रजिस्टर ०२ चा बिट ७, म्हणजे व्हीएल, लागलेला असला तरी लॉगमध्ये एक ओळ टाकून वेळ तशीच वर देतो. व्हीएलचा अर्थ चिपच्या माहितीपत्रकात स्वच्छ दिलेला आहे: व्होल्टेज साधारण ०.९ व्होल्टच्या खाली गेले होते, वेळेची खात्री नाही. चिप स्वतः “माझ्यावर विश्वास ठेवू नका” सांगते आणि ड्रायव्हर ते वाक्य गिळतो.

८ एप्रिल

टेबलावर चूक घडवून पाहिली. एचडब्ल्यूक्लॉक ही नेहमीची आज्ञा वापरून ही चाचणी होत नाही, कारण या बोर्डावर प्रणालीची वेळ २०३८ च्या पुढे जातच नाही. म्हणून आरटीसी_सेट_टाइम या आयओसीटीएलने ड्रायव्हरला थेट हाक मारणारा छोटा सी प्रोग्राम लिहिला. तो रचनेत हवे ते वर्ष भरतो, लिहितो, लगेच परत वाचतो.

१९६९ दिले: आरटीसी गाभ्यानेच, म्हणजे सगळ्या घड्याळ-ड्रायव्हरांवरच्या कर्नलातल्या सामायिक भागानेच, नाकारले, ईइनव्हॅल (“मूल्य चुकीचे” ही चूक). या गाभ्याची तारीख-तपासणी १९७० च्या आधीचे काही घेत नाही. ड्रायव्हरपर्यंत मामला पोचलाच नाही.
२०६९ दिले: २०६९ परत आले.
२०७० दिले: यश कळवले, परत आले १९७०.
२१२५ दिले: यश कळवले, परत आले २०२५.
२१०० चा २९ फेब्रुवारी दिला: गाभ्याने नाकारला. २१०० लीप नाही.

या यादीतली सर्वांत वाईट ओळ २१२५ ची. १९७० दिसले तर कोणीही हसून पेटी उघडेल. २०२५ दिसले तर सगळे ठीक वाटते, लिहिणाऱ्याने मागितले काय होते ते कुठेच उरत नाही.

११ एप्रिल

पण २०७० किंवा २०८० असे वर्ष शेतातल्या पेटीत देते कोण? पेटीला कीबोर्ड नाही. उगम मोडेममध्ये निघाला. नेटवर्क पकडण्याआधी सीसीएलके या वेळ विचारणाऱ्या आज्ञेला बरेच ४जी मोडेम “८०/०१/०६” असे उत्तर देतात. जीपीएसची कालगणना ६ जानेवारी १९८० ला सुरू होते, तीच तारीख. वर्ष दोनच आकडी. वरच्या अनुप्रयोगाने त्याला २००० मिळवून २०८० केले आणि थेट आरटीसीत लिहिले. ड्रायव्हरने ८० टाकले आणि पुढच्या वाचनात १९८० सांगितले. वेळापत्रक १९८० सालातल्या पाळीने चालले.

यात एक गोष्ट आधीच लिहून ठेवतो, कारण पुढचे सगळे निर्णय तिच्यावर आहेत. चिप २००० ते २०९९ ही शंभर वर्षे धरू शकते. २०८० त्या मर्यादेत बसते. म्हणजे ड्रायव्हर कितीही कडक केला तरी “८०/०१/०६” तो अडवणार नाही, आणि त्याने अडवूही नये. मर्यादा एक नाही, तीन आहेत. चिप काय धरू शकते ही पहिली, आणि तेवढीच ड्रायव्हरची. ३२ बिट कर्नल किती मोजू शकतो ही दुसरी: २१४७४८३६४७ सेकंद, म्हणजे १९ जानेवारी २०३८, भारतीय वेळेने सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंद. आणि या पेटीला कोणती तारीख शक्य आहे ही तिसरी, जी अनुप्रयोगाला माहीत असते, चिपला नाही.

ड्रायव्हरची वरची हद्द २०३७ वर आणावी असा विचार पुढे आला. नको. उद्या हीच चिप ६४ बिट बोर्डावर गेली तर ती हद्द खोटी ठरेल. ज्याची मर्यादा त्यानेच सांगावी.

१५ एप्रिल

सेट_टाइम, म्हणजे चिपमध्ये वेळ लिहिणारे फंक्शन, नव्याने लिहिले. पहिल्याच ओळीत: टीएम_इयर १०० पेक्षा कमी किंवा १९९ पेक्षा जास्त असेल तर ईरेंज, चिपला हात न लावता परत. (टीएम_इयर १९०० पासून मोजतात, म्हणून १०० म्हणजे २०००.) बाकी काढणे रद्द, सरळ १०० वजा करून बीसीडी (प्रत्येक दशमान अंक चार बिटांत).

ईइनव्हॅल न देता ईरेंज का? ईइनव्हॅल म्हणजे तारीखच चुकीची, जसे ३१ एप्रिल. ईरेंज म्हणजे तारीख बरोबर आहे पण या चिपमध्ये मावत नाही. वरच्या अनुप्रयोगाला दोन्हींवर वेगळे वागायचे असते. ४.१७ पासूनच्या कर्नलात रेंज_मिन आणि रेंज_मॅक्स भरले की गाभा हेच काम ईरेंज देऊन करतो. तिथे आकडे ९४६६८४८०० आणि ४१०२४४४७९९ असे, म्हणजे २००० ची पहिली आणि २०९९ ची शेवटची सेकंद. आमच्या ४.९ मध्ये ती क्षेत्रे नाहीत, म्हणून तपास ड्रायव्हरमध्ये. कर्नल वर नेला की या ओळी काढायच्या आणि दोन क्षेत्रे भरायची, तसा शेरा कोडमध्ये टाकला आहे.

जवळच्या हद्दीवर आणून ठेवणे, म्हणजे २१२५ मागितले तर २०९९ लिहिणे, हा पर्याय विचारातही घेतला नाही. तापमानाचा आकडा हद्दीवर आणून ठेवता येतो, तारीख नाही. “जवळची तारीख” नावाचे काही नसते.

शतक बिट (रजिस्टर ०७, बिट ७): लिहिताना शून्य, वाचताना झाकून टाकायचा. ही चिप ०० वर्षाला नेहमी लीप धरते, त्यामुळे २१०० नंतर तिचे पंचांग तसेही एक दिवसाने चुकते.

१६ एप्रिल

लिहिण्याच्या क्रमात एक खोच. चिपचा पत्ता आपोआप पुढे सरकतो, म्हणून सात बाइट ०२ पासून ०८ पर्यंत एका दमात लिहिण्याची पद्धत आहे. पण ०२ म्हणजे सेकंद, आणि व्हीएल बिट त्याच बाइटमध्ये. पहिलाच बाइट पोचला की व्हीएल उतरतो. त्यानंतर बस अडखळली तर चिपमध्ये सेकंद नवे, वर्ष जुने, आणि तक्रारीचा बिट साफ. अर्धवट वेळ पूर्ण खात्रीची म्हणून वाचली जाते.

शेतात हे अशक्य नाही. पंपाचा स्टार्टर ओढतो त्या क्षणी आय२सीवर खडखडाट दिसतो. त्यासाठी एसडीए आणि एससीएल या आय२सीच्या दोन तारांचे पुल-अप रोध १० किलोओहमवरून ४.७ केलेच, पण ड्रायव्हरने नशिबावर राहू नये.

नवा क्रम: रजिस्टर ०० मध्ये स्टॉप बिट (हेक्स २०) लावणे. मग ०३ ते ०८ लिहिणे. मग ०२. शेवटी स्टॉप काढणे. कुठल्याही पायरीवर चूक आली तर स्टॉप तसाच सोडून चूक वर कळवायची. घड्याळ थांबलेले राहील, आणि वाचणाऱ्याला तो बिटच “लिखाण अपुरे” असे सांगेल. स्टॉप काढल्यावर पहिली सेकंद साधारण ०.५०८ सेकंदाने पडते. ठिबकला त्याने काही बिघडत नाही, म्हणून त्याची भरपाई केलेली नाही.

२२ एप्रिल

रीड_टाइम, म्हणजे वेळ वाचणारे फंक्शन. आता ०० पासून ०८ पर्यंत नऊ बाइट एकाच व्यवहारात वाचतो. ही चिप व्यवहार चालू असताना मोजणी रोखून धरते, मात्र व्यवहार एका सेकंदात संपायला हवा. तुकड्यांत वाचले तर ५९ सेकंदांवरून मिनिट उलटताना जुने मिनिट आणि नवी सेकंद अशी जोडी मिळू शकते.

तपासाचा क्रम: स्टॉप लागलेला आहे का, व्हीएल लागलेला आहे का, दोन्हीपैकी काही असेल तर ईइनव्हॅल. मग मास्क, म्हणजे कामाचे बिट ठेवून बाकीचे झाकणे (आकडे हेक्स): सेकंद आणि मिनिटे ७एफ, तास ३एफ, दिवस ३एफ, वार ०७, महिना १एफ. न वापरलेल्या बिटांत काय असेल याची हमी नसते.

मग बीसीडी. इथे गाभ्याच्या तारीख-तपासणीवर विसंबून चालत नाही. बीसीडी२बिन हे दशकाचा अंक गुणिले दहा अधिक एककाचा अंक एवढेच करते, अंक ९ च्या आत आहे का ते पाहत नाही. तासाच्या रजिस्टरमध्ये हेक्स १ए असेल तर १० अधिक १० असे २० वाजले निघतात, आणि २० हा तास तपासणीत उत्तीर्ण होतो. महिन्यात ०ए असेल तर ऑक्टोबर. ७एफ सेकंद मात्र ८५ होऊन पकडली जातात. म्हणजे कचऱ्यातला काही भाग अगदी सभ्य तारीख बनून पुढे जातो. म्हणून प्रत्येक बाइटचे दोन्ही अर्धे ९ पर्यंतच आहेत का, हे रूपांतराच्या आधी तपासायचे. वर्षाच्या रजिस्टरला हे सर्वांत गरजेचे, कारण त्याला वरून कसलीच मर्यादा नाही: हेक्स ९एफ चे १०५ होतात आणि ते २१०५ म्हणून निघते.

वाराचे रजिस्टर तपासायचे नाही. तारखेवरून वार काढता येतो. चिपमधला वार चुकला म्हणून सगळी वेळ फेकून देण्यात अर्थ नाही.

वाचतानाची ७० ची अट काढली. आता ०० ते ९९ म्हणजे २००० ते २०९९, बस.

२८ एप्रिल

नव्या कर्नलातली एक सोय इकडे आणावी का, यावर वाद. डिव्हाइस ट्रीत, म्हणजे बोर्डाचे वर्णन कर्नलला देणाऱ्या फाइलीत, स्टार्ट-इयर दिले की शंभर वर्षांची खिडकी सरकते. २०२४ दिले तर चिपमधली २४ ते ९९ ही वर्षे तशीच राहतात आणि ०० ते २३ ही वर्षे २१०० ते २१२३ म्हणून वाचली जातात. मांडणी सुंदर आहे, कारण सरकवणे वर्षांत नाही, सेकंदांत होते. २००० ते २०९९ मध्ये ३६५२५ दिवस बसतात. १ मार्च २१०० मधून तेवढे दिवस वजा केले की २९ फेब्रुवारी २००० मिळतो. चिप तो दिवस मानते, त्यामुळे २१०० लीप नसण्याची अडचण आपोआप सुटते. चिपमधला वार मात्र खऱ्या वारापेक्षा एक दिवस पुढे दिसतो, ३६५२५ ला ७ ने भागल्यावर बाकी ६ उरते म्हणून. वाराच्या रजिस्टरवर गजर लावणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

तरीही आम्ही ही सोय घेत नाही. कारण सेल गेल्यावर चिपमध्ये जे उरते त्यात वर्ष ०० असण्याची शक्यता बरीच. एखाद्या तंत्रज्ञाने चाचणीसाठी २००० लिहून ठेवले, असेही होते. साध्या खिडकीत ते २००० म्हणून दिसते, अनुप्रयोग लगेच “जुनी तारीख” म्हणून नाकारतो. सरकवलेल्या खिडकीत तेच २१०० दिसते. ३२ बिट बोर्डावर २१०० म्हणजे प्रणालीची वेळ ओलांडणे. नव्या कर्नलात सुरू होताना आरटीसीवरून वेळ उचलणारा भाग (एचसीटूसिस) ३२ बिटवर ही मर्यादा तपासून ईरेंज देतो. या बोर्डाच्या कर्नलात तो तपास हाताने आणावा लागला. जो बोर्ड २०३८ च्या पुढे जाऊच शकत नाही त्याला २१२३ पर्यंतची खिडकी देणे म्हणजे नुसता देखावा.

६ मे

गजर. पेटी रात्रीच्या पाळीआधी झोपेतून उठते ती याच गजरावर. चिपच्या गजराला मिनिट, तास, महिन्यातला दिवस आणि वार एवढेच कळते. सेकंद नाही, महिना नाही, वर्ष नाही. जुना ड्रायव्हर कुठलीही तारीख घेऊन त्यातला दिवस, तास, मिनिट लिहायचा. “१० ऑगस्टला पहाटे ४” मागितले तर तो येत्या १० तारखेलाच वाजणार. इथेही मर्यादा आहे, फक्त ती दिसत नाही.

नियम: आत्तापासून २८ दिवस किंवा त्याहून पुढचा गजर ईरेंज. २८ च्या आत महिन्यातल्या दिवसाचा आकडा दोनदा येत नाही, फेब्रुवारीतही नाही. सेकंद असतील तर पुढच्या मिनिटावर न्यायचे. मागे आणले तर गजर वेळेआधी वाजतो आणि अनुप्रयोग “अजून वेळ झाली नाही” म्हणून परत झोपतो, मग उठवायला कोणी नाही. वाराचे गजर-रजिस्टर हेक्स ८०, म्हणजे बंद; या चिपमध्ये बिट ७ एक असला की ती तुलना बंद असते.

आरटीसी यूटीसीत, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत, ठेवलेले आहे. पहाटे २ चा गजर आदल्या दिवशीच्या २० वाजून ३० मिनिटांचा होतो. २८ दिवसांचा हिशेब यूटीसी सेकंदांत करायचा, स्थानिक तारखांत नाही.

वेळ अग्राह्य असताना गजर लावण्याचा प्रश्न येत नाही. गाभा आधी वेळ वाचतो आणि तिथेच अडतो.

१४ मे

ऊन ४५ अंशांपर्यंत, पत्र्याची पेटी त्याहून तापते. क्रिस्टलचे वागणे ठरलेले आहे: २५ °से. पासूनच्या फरकाचा वर्ग गुणिले ०.०३४ पीपीएम (दशलक्षांश), नेहमी मागे. ६० °से. ला ३५ चा वर्ग १२२५, म्हणजे जवळपास ४२ पीपीएम, दिवसाला ३.६ सेकंद मागे. ठिबकसाठी दुर्लक्ष करण्यासारखे, मोडेम मिळाला की भरून निघते.

उन्हाचा खरा त्रास डायोडला. शॉटकीची उलट गळती तापमानाबरोबर भराभर वाढते. मुख्य पुरवठा गेला की सेलमधला प्रवाह चिपकडे जातोच, पण डायोडच्या दुसऱ्या अर्ध्यातून ३.३ व्होल्टच्या मेलेल्या लाइनीकडेही झिरपतो. चिप स्वतः ३ व्होल्टला साधारण ०.२५ मायक्रोअँपिअर घेते. सेलची क्षमता साधारण २२० मिलिअँपिअर-तास, म्हणजे कागदावर तो कित्येक दशके पुरावा. प्रत्यक्षात गळती चिपच्या खर्चापेक्षा मोठी होते आणि तो हिशेब कोसळतो. मोजण्याची सोपी रीत: सेलच्या मालिकेत १० किलोओहम, पुरवठा बंद, रोधाच्या दोन टोकांवर मिलिव्होल्ट. २.५ मिलिव्होल्ट म्हणजे ०.२५ मायक्रोअँपिअर. हीच मोजणी पेटी उन्हात ठेवून करायची. सावलीतला आकडा फसवा. कमी गळतीचा डायोड पुढच्या बोर्डावर घ्यायचा, व्होल्टेज थोडे जास्त पडले तरी चालेल.

व्हीएलची चाचणी करताना: सेल काढून लगेच लावला तर व्हीएल लागत नाही आणि चाचणी खोटी उत्तीर्ण होते. चिपजवळचा कपॅसिटर तिला जगवत ठेवतो. १०० नॅनोफॅरड असेल तर ३ व्होल्टवरून १ व्होल्टवर यायला पाऊण सेकंदावर, १० मायक्रोफॅरड असेल तर ८० सेकंद. आमच्या बोर्डावर १० चा आहे. दोन मिनिटे थांबावे, किंवा रोध लावून कपॅसिटर रिकामा करावा.

२० मे

वेगळेच प्रकरण, पण मर्यादेचेच. वायफाय मॉड्यूल झोपेतून उठत नाही. त्याला ३२.७६८ किलोहर्ट्झचे मंद घड्याळ याच चिपच्या क्लॉकआउट पायावरून जाते. रजिस्टर ०डी वाचले तर हेक्स ८१. हवे होते ८०. ८१ म्हणजे १.०२४ किलोहर्ट्झ.

कारण डिव्हाइस ट्रीत. कोणीतरी असाइन्ड-क्लॉक-रेट्समध्ये ३२००० लिहिले होते. चिप चारच वारंवारता देते: ३२७६८, १०२४, ३२ आणि १ हर्ट्झ. ड्रायव्हरचे राउंड_रेट हे फंक्शन “मागितलेल्याइतकी किंवा त्याखालची पहिली” वारंवारता शोधते. ३२७६८ ही ३२००० पेक्षा मोठी, म्हणून सुटली, पुढची १०२४. क्लॉक गाभा (वारंवारता सांभाळणारा कर्नलचा भाग) आधी राउंड_रेट विचारतो आणि मिळालेला आकडा सेट_रेटला देतो, त्यामुळे सेट_रेटमधला “अचूक जुळत नसेल तर ईइनव्हॅल” हा तपास कधी चालतच नाही. सगळीकडे यश, पायावर बत्तीसपट मंद घड्याळ.

वेळेच्या बाबतीत आपण नाकारायचे ठरवले. वारंवारतेला तो नियम जसाच्या तसा लावता येत नाही, कारण क्लॉक चौकटीत जवळचा आकडा देणे हाच करार आहे. म्हणून दोन बदल. राउंड_रेट आता सर्वांत जवळची वारंवारता देते. ३२००० ला ३२७६८. शून्य मागितले तर ईइनव्हॅल. ३२७६८ च्या वर काहीही मागितले तर ३२७६८ च, कारण चौकटीची रीत तशी. आणि वायफायच्या बाजूला: सेट केल्यावर क्लॉक_गेट_रेट विचारून ३२७६८ नसेल तर चालू न होता लॉगमध्ये आकड्यासकट तक्रार. डिव्हाइस ट्रीतला आकडाही ३२७६८ केला.

तपासणाऱ्यासाठी: हा पाय ओपन-ड्रेन आहे, म्हणजे लाइन फक्त खाली ओढतो; पुल-अप नसेल तर काहीच दिसत नाही. ऑसिलोस्कोप नसेल तर मल्टिमीटरच्या हर्ट्झ मापनानेही ३२७६८ आणि १०२४ सहज वेगळे ओळखू येतात.

२७ मे

अनुप्रयोगाची बाजू. आता ड्रायव्हर “वेळ नाही” असे स्पष्ट सांगतो, तर पेटीने करायचे काय? घड्याळाची वाट पाहत बसली तर बाग वाळेल. शिरपूरकडे बागेत राबणारा माणूस किती वाजले हे विचारत नाही, “लाईट उनी का?” (लाइट आली का?) एवढेच विचारतो. तोच नियम पेटीला दिला. वेळ अग्राह्य असेल तर वेळापत्रक बाजूला ठेवायचे. तिन्ही फेज आले की व्हॉल्व्ह ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या मिनिटांनी चालवायचे, पुढचा उघडल्यावरच आधीचा बंद करायचा. मिनिटे क्लॉक_मोनोटॉनिकवर, म्हणजे तारीख बदलली तरी सरळ पुढेच मोजणाऱ्या कर्नलच्या घड्याळावर, मोजायची. मधेच खरी वेळ मिळाली आणि घड्याळ उडी मारून गेले तरी चालू फेरी बिघडत नाही. खत या स्थितीत बंद.

मोडेमची वेळ घेण्याच्या अटी: सीआरईजी या नेटवर्क-नोंदणी विचारणाऱ्या आज्ञेचे उत्तर १ किंवा ५ (नोंदणी झालेली) असेल तरच. वेळेतला कालक्षेत्राचा आकडा पाव तासांत असतो, भारतात +२२ यायला हवा. तारीख फर्मवेअर बांधल्याच्या तारखेनंतरची आणि २०३७ संपण्याआधीची. “८०/०१/०६” इथे अडते, ड्रायव्हरपर्यंत जात नाही.

एक चूक मात्र कुठलीच मर्यादा पकडत नाही. काही मोडेम सीसीएलकेमध्ये स्थानिक वेळ देतात, काही यूटीसी, आणि दोन्हींची मांडणी सारखीच. साडेपाच तासांचा फरक कोणत्याही हद्दीत आरामात बसतो. मोडेमचे मॉडेल बदलले की हे हाताने तपासायचे, दुसरा उपाय नाही.

४ जून

चाचण्या नव्या ड्रायव्हरवर. १९९९ च्या ३१ डिसेंबरची शेवटची सेकंद: ईरेंज. २००० ची पहिली: जशीच्या तशी परत. २०७०, २०८०: जशीच्या तशी परत. २०९९ ची शेवटची: परत. २१०० ची पहिली आणि २१२५: ईरेंज, आणि चिपमधली आधीची वेळ अबाधित, हे मुद्दाम वाचून पाहिले. तासात १ए घालून: ईइनव्हॅल. (चिप ड्रायव्हरच्या ताब्यात असताना आय२सीसेट या रजिस्टर लिहिणाऱ्या आज्ञेला सक्तीचा पर्याय द्यावा लागतो, त्यापेक्षा ड्रायव्हर अनबाइंड करून लिहावे आणि परत बाइंड करावे.) लिखाणाच्या मध्ये एसडीए जमिनीला टेकवून: लिखाणाला चूक, नंतरच्या वाचनाला ईइनव्हॅल, रजिस्टर ०० मध्ये हेक्स २०. पुन्हा नीट वेळ लिहिल्यावर साफ. गजर २७ दिवसांवर: लागला. २८ वर: ईरेंज.

शेतातल्या पेट्या बदलताना क्रम पाळावा. आधी सेलचे व्होल्टेज मोजणे, २.८ च्या खाली असेल तर पेटीचा पुरवठा चालू असतानाच सेल बदलणे. मग फर्मवेअर. सुरू झाल्यावर कर्नल लॉगमध्ये “आरटीसी वाचता आले नाही” अशी ओळ आली तर ती बिघाड समजून बोर्ड परत पाठवू नये. जुन्या ड्रायव्हरने लपवलेला व्हीएल आता दिसतो आहे. मोडेमला नेटवर्क मिळू द्यावे, वेळ एकदा लिहिली गेली की ०२ चा बिट ७ उतरला का ते पाहावे. उतरला, आणि पुरवठा दोन मिनिटे बंद ठेवून परत दिल्यावर पुन्हा लागला, तर सेलधारकाची पट्टी किंवा डायोड तपासावा.